माळवदावरून कोण पळालं?

१

ज्ञानोबा गुरुजींच्या वह्या भरदुपारी चोरीला गेल्या, तेव्हा मी त्यांच्याच ओसरीत शेंगा फोडत बसले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला शहाणी म्हणायला नको.

मी अयोध्या. भूम तालुक्यातल्या ईटच्या पुढं पाच किलोमीटरवर आमचं गाव. तिथं अडतीस वर्षं मी पोस्ट सांभाळलं. पत्रावरचं अक्षर कुणाचं ते पाकीट न फोडता सांगायची. त्यामुळं गावात काही हरवलं की लोक ठाण्यात जायच्या आधी माझ्याकडं येतात. शेळी हरवली, अंगठी हरवली, एकदा तर एकीचा नवरा हरवला. तो भूमच्या बाजारात कांदे निवडताना सापडला.

गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक, पाटील घराण्यातले, वय अठ्ठ्याहत्तर. पोरांसाठी इतिहासातल्या साहसकथा लिहितात. सहा पुस्तकं झाली. त्यात घोडे, भुयारं, तलवारी, सगळं आहे. सातवं पुस्तक मात्र आमच्याच गावाचं, 'माळवदावरचा वीर'. जुन्या घरांची मातीची सपाट छपरं म्हणजे माळवदं. एकाला एक लागून असायची. रझाकारांच्या काळात एका पहाटे बारा वर्षांचा किसन या माळवदांवरून पळत गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि लपलेल्या सत्याग्रहींना धाड येतेय म्हणून सांगितलं. नऊ माणसं वाचली. हा किसन म्हणजे गुरुजींचा थोरला भाऊ. चार वर्षांपूर्वी वारला. सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, शाळेत पुस्तकाची घोषणा व्हायची होती आणि वेशीच्या नव्या कमानीला किसनचं नाव द्यायचं होतं.

त्याच्या दोन दिवस आधीची ही दुपार. गुरुजी जेवून माडीवर झोपले. माझ्यापुढं उन्हाळी भुईमुगाच्या पायलीभर शेंगा. टरफलांचा ढीग जळणाला म्हणून सरूनं पाटीत भरून नेला, तेव्हा कुठं पाय सोडायला जागा झाली. चारला गुरुजी खाली आले, लिहायच्या खोलीत गेले आणि ओरडले.

"अयोध्याबाई! माझ्या वह्या कुठायत?"

टेबलावर वह्या नव्हत्या. सात वर्षांचं काम, हातानं लिहिलेलं, एकच प्रत.

"कोण कोण आलं होतं?"

"तिघं," मी छातीठोक सांगितलं. "दोनला तुमचा योगीराज आत जाऊन आला. अडीचला टायपिंगवाली आरोही. तीनला अमरदीप मास्तर. बाकी कुणी नाही. मी जागची हललेले नाही."

गुरुजी खुर्चीत बसले.

"अमरदीपनंच नेल्या. उद्या दहाला मी ठाण्यात जातो."

अमरदीप त्यांचाच विद्यार्थी, आता गावातल्या शाळेत शिक्षक. गुन्हा दाखल झाला की निलंबन ठरलेलं. घरात बायको, पोर आणि म्हातारी आजी, सगळी त्याच्या एका नोकरीवर.

"त्यानंच कशावरून?"

"मागच्या आठवड्यात माझ्या तोंडावर म्हणाला, किसनदादांचं नाव त्या काळच्या एकाही कागदात नाही, गुरुजी, पुरावा काय? मला पुरावा मागतो!"

"उद्या दहापर्यंत मला वेळ द्या," मी म्हटलं.

२

योगीराज ट्रॅक्टरखाली पालथा होता. बापाच्या वह्या गेल्या म्हटल्यावर बाहेर आला, हात पुसले आणि हसला.

"बरं झालं गेल्या. आई चार महिने अंथरुणाला होती, तवा आबा त्या वह्यांतच डोकं घालून बसले होते. मेलेल्या भावासाठी एवढं, अन् जित्या बायकोसाठी काय?"

"म्हणजे तूच नेल्यास?"

"म्या कशाला नेऊ काकू? कमानीचा दगड म्याच सांगितलाय. पाटलांचं नाव लागणार हाय वेशीत, आन् म्याच त्यावर पाणी टाकू व्हय? चावी घ्यायला आत गेलतो, वह्या हुत्या तवा टेबलावर."

हे मला पटलं. योगीराजला बापाचा राग आहे, पण कमानीची हौस त्याहून मोठी आहे.

आरोहीचं दुकान ईटला. रिक्षानं गेले. ती गुरुजींच्या वह्या टाइप करून देणार होती. पोरगी चुणचुणीत, विचारलं त्याच्या दुप्पट सांगणारी.

"पहिली वही मागंच टाइप करून परत दिली काकू. आज दुसरी न्यायला गेले तर गुरुजी झोपलेले. न विचारता कशी उचलू? पहिल्या प्रकरणाची छापील पानं द्यायची होती, ती वह्यांच्या वरच ठेवून आले."

"वह्या किती होत्या?"

"सहा. पुस्तकाच्या पाच आणि एक त्यांच्या साखर तपासणीची. सगळ्यांना सारखंच खाकी कव्हर. मी चुकून साखरेचीच उचलली होती. वर लाल शाईनं 'साखर' लिहिलंय हे एवढं मोठं, वाचलं आणि मलाच हसू आलं."

मी तिच्याकडून त्या प्रकरणाची एक प्रत छापून घेतली आणि परत आले ती थेट शाळेत.

अमरदीप वर्गाला कुलूप लावत होता. सगळं गाव त्याच्याकडं कसं बघतंय ते त्याला कळलेलं होतं.

"मावशी, मी छोट्या सुट्टीत तीनला गेलो, तेव्हा टेबल मोकळंच होतं. छापील कागद तेवढे होते."

"मग तेव्हाच ओरडला का नाहीस?"

"मला वाटलं, वाद झाला म्हणून गुरुजींनी माझ्यापासून लपवून ठेवल्या. वाईट वाटलं आणि निघून आलो." त्यानं कुलूप दोनदा ओढून बघितलं. "एक करा. माझ्या आजीच्या कानावर हे जाऊ देऊ नका. ती या वयात सोसायची नाही."

अमरदीप खरं बोलत असेल, तर वह्या अडीच ते तीनच्या मध्ये गेल्या. आणि त्या अर्ध्या तासात, माझ्याच साक्षीनं, दारातून कुणीही गेलेलं नव्हतं.

३

घरी येऊन चहा टाकला आणि प्रकरण वाचायला बसले. गुरुजी लिहितात झकास, ते नाकारायचं नाही. पोरं खिळून राहतील असं. पण दुसऱ्याच पानावर मला अडखळायला झालं.

'किसन तिसऱ्या माळवदावर थबकला. इथली तुळई खचलेली आहे, हे त्यानं मागच्या उन्हाळ्यात माती वाहताना पाहिलं होतं. तो काठाकाठानं पुढं सरकला.'

माती वाहताना? माळवदावर दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागायचा. ती माती पाट्यांनी डोक्यावरून कोण चढवायचं? माझी आई सांगायची, महारवाड्यातल्या बायका आणि पोरी. आता त्याला आम्ही भीमनगर म्हणतो. त्यांना घरात पाय ठेवू देत नव्हते, पण घराच्या डोक्यावर माती घेऊन चढायला कुणाची हरकत नव्हती. पाटलाच्या पोरानं उभ्या जन्मात मातीची पाटी उचलली असेल का?

पुढं शेवटच्या पानावर:

'निरोप सांगून किसन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. त्याला धाप लागली होती. काकूंनी वरून पाणी ओतलं. ओंजळ तोंडाला लावून तो घटाघटा प्यायला.'

चहा उतू गेला तरी मी उठले नाही. पाटलाचं पोरगं नऊ माणसांचा जीव वाचवून आलंय, आणि त्याला कुणी उंबऱ्याबाहेर ठेवतं? तांब्या हातात न देता वरून पाणी ओततं? गुरुजींनी नाव बदललं, जात बदलली, पोरीचा पोरगा केला, पण पाणी बदलायचं राहून गेलं. त्यांना ते खटकलंच नाही. वरून ओतलेलं पाणी लहानपणापासून बघितलेलं, त्यात बदलण्यासारखं काही आहे हे डोक्यात यायचं कसं?

म्हणजे गोष्ट खरी होती, पण किसनची नव्हती.

आता वह्यांकडं वळले. चोरानं टेबलावरून काय नेलं? सहाच्या सहा खाकी वह्या. साखरेची सुद्धा. काय ठेवलं? वह्यांच्या वर ठेवलेली छापील पानं, ज्यांवर ठसठशीत अक्षरात पुस्तकाचं नाव होतं. ती उचलून बाजूला ठेवली आणि खालच्या वह्या नेल्या. ज्याला हे पुस्तक बुडवायचं आहे तो छापील पानं आधी उचलेल. ज्याला वाचता येतं तो साखरेची वही नेणार नाही. घाईघाईत चुकून म्हणावं, तर घाईत माणूस वरचे कागद बाजूला काढून ठेवत बसत नाही.

चोराला वाचता येत नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की गुरुजी खाकी वह्यांत लिहितात.

योगीराज वाचतो, आरोही वाचते, अमरदीप तर वाचायला शिकवतो. तिघंही सुटले. मग चौथं कोण? मी दारात बसलेली, आणि कुणी आलं नाही. कुणीच नाही.

आणि मग मला माझेच पाय आठवले. टरफलांचा ढीग भरायला कुणीतरी वाकलं होतं म्हणून मी ते सोडले होते. कालची टरफलं मागच्या अंगणात आहेत, ती पण घेऊन जा, असं मीच तिला म्हणाले होते. अंगणाची वाट लिहायच्या खोलीवरून जाते. ती आत गेली आणि डोक्यावर भरलेली पाटी घेऊन माझ्यासमोरून बाहेर पडली. गुरुजींनी कोण आलं विचारलं तेव्हा मी तिघांची नावं घेतली. तिला मी मोजलंच नव्हतं.

सरू. सत्त्याऐंशी वर्षांची सरुबाई. अमरदीपची आजी.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला भीमनगरात गेले. अमरदीप मुक्तिदिनाच्या तयारीला शाळेत गेलेला, नातसून नळावर. घर सिमेंटचं, नीटनेटकं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. सरुबाई खाटेवर बसून होती. मी तिच्याहून तेवीस वर्षांनी लहान, पण आयुष्यभर तिला 'अगं सरू' म्हणत आले. त्या दिवशी तोंडातून निघेना.

"सरुबाई, तुम्ही गुरुजींच्या वह्या नेल्या का?"

"व्हय. म्याच नेल्या," ती म्हणाली. जराही चाचरली नाही. "बसा की बाई. उभ्या का?"

पेटीतल्या लुगड्याखालून तिनं वह्या काढल्या. सहा. एकीच्या कव्हराला शेंगेचं टरफल चिकटलं होतं.

"माळवदावरून तुम्ही पळाला होता ना?"

तिनं ते टरफल नखानं काढून टाकलं.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"पाण्यानं."

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. पण बोलायला लागली. "अकरा वर्सांची हुते म्या. समदी माळवदं पायाखालची. कुठलं धरतंय, कुठलं खचतंय, समदं ठाव. सांगून आले. नऊ माणसं निसटली. पर रझाकारांना कळलं निरोप आमच्याकडनं गेला. माझ्या बापाला वेशीत बांधून मारलं. चार दिसांनी मेला. आई म्हणली, तुझ्या पायानं तुझा बाप गेला. पुन्हा तोंडातून काढलंस तर बघ. म्या न्हाय काढलं. नवऱ्याला न्हाय, लेकाला न्हाय, अमरला न्हाय."

"आणि गुरुजींना?"

"त्यांच्या रानात खुरपायला असायचे. ते बांधावर बसून इच्यारायचे, जुनं काय सांग. आई मरून गेली हुती. मग एकदा सांगितलं. लई खूश झाले. म्हणले, सरू, हे पुस्तकात येणार. लई वर्सं वाट बघितली बाई." तिनं वहीवरून हात फिरवला. "परवा अमर मुक्तिदिनाच्या कार्यक्रमाची पत्रिका घरात मोठ्यानं वाचत हुता. त्यात किसन, किसनच. म्या म्हणलं, एवढ्या वह्या हायत, दुसऱ्या कुठल्यातरी वहीत असंल की माझं नाव. कुणाकडनं तरी बघून घ्यावं अन् परत ठिवाव्या."

"अमरदीपला का नाही विचारलं?"

"त्यो भांडला असता. नोकरी हाय त्याची."

मला हसावं का रडावं कळेना. मी तिला सांगितलं, याच चोरीपायी आज दहाला अमरदीपवर तक्रार होणार आहे. तिनं सहाही वह्या माझ्या मांडीवर लोटल्या.

"न्या, न्या! आत्ताच्या आत्ता न्या. तेवढं एक करा बाई. माझं नाव कुठं हाय, तेवढं बोट ठिवून दावा, मग जावा."

मी पाचही वह्या चाळल्या. पोस्टातली नजर, भरभर फिरते. सरू नाही, सरुबाई नाही, भीमनगर नाही, महारवाडा नाही. एवढ्या पानांत ती कुठंच नव्हती.

ती माझ्याकडं बघत होती. मी पिशवीतून छापील प्रकरण काढलं आणि मोठ्यानं वाचलं. जिथं किसन होतं तिथं सरू म्हणाले. 'सरू तिसऱ्या माळवदावर थबकली.' ती डोळे मिटून ऐकत होती, तुळईपाशी मान हलवली. वाचून झाल्यावर मी 'किसन' या शब्दावर बोट ठेवलं.

"हे बघा. हे तुमचं नाव."

तिनं माझं बोट बाजूला करून तिथं स्वतःचं ठेवलं. "ह्यो कागुद ठिवू का म्या?"

"ठेवा," मी म्हटलं. मनात म्हटलं, चार दिवसांचं खोटं आहे, पुस्तकात खरं करून घेईन. स्वतःची समजूत घालायला मी फार पटाईत आहे.

५

पावणेदहाला वह्या गुरुजींच्या टेबलावर आपटल्या.

"चोर कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणत्या चोरीचा विचारताय? वह्यांच्या की गोष्टीच्या?"

मग सगळं सांगितलं. साखरेची वही, माती, ओंजळ. ओंजळीपाशी गुरुजींचा चेहरा पडला. लाज वाटली म्हणून नव्हे, चूक राहिली म्हणून. तेवढं मला अक्षरासारखं ओळखता येतं.

"किसनदादा त्या पहाटे कुठं होते?"

"तापानं अंथरुणात," ते हळू म्हणाले. "अयोध्याबाई, दादानं आयुष्यात काहीच केलं नाही हो. शेवटपर्यंत लोक त्याला रिकामटेकडा म्हणाले. मला वाटलं, एवढं तरी त्याच्या नावावर असावं. आणि पोरांना गोष्ट हवी असते, कोण पळालं याच्याशी त्यांना काय देणंघेणं?"

"मग सरू लिहा की! देणंघेणं नाही तर बिघडलं कुठं?"

त्यांनी खिडकीतून वेशीकडं पाहिलं. कमानीला रंग देणं चाललं होतं.

"बदलतो," शेवटी म्हणाले. "शब्द देतो. पण अमरदीपला यातलं कळता कामा नये. तो आरडाओरडा करेल, मग मलाही सांगावं लागेल की त्याच्या आजीनं माझ्या घरात चोरी केली. चोरी ती चोरी."

मी कबूल झाले. गावाला सांगितलं, वह्या माडीवरच्या कपाटात सापडल्या, म्हातारपणी विसर पडतो. अमरदीपची नोकरी वाचली. लोक म्हणाले, अयोध्याबाईंची बुद्धी म्हणजे बुद्धी. कमानीला किसनचं नाव लागलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढाच काय तो माझा पराक्रम.

६

पुस्तक जानेवारीत आलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत किसन. बदल एकच केला होता. किसनला आता घरात बोलावून पाटावर बसवलं होतं आणि चांदीच्या पेल्यातून पाणी दिलं होतं.

"संपादकांना नायिका पटली नाही," गुरुजी माझ्याकडं न बघता म्हणाले. "पण आभारात घातलंय."

आभारात होतं, 'गावातील वृद्ध महिलांचे सहकार्य लाभले.'

मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या ओसरीची पायरी मी सोडली. पण त्यानं कुणाचं काय भलं झालं? भीमनगराकडं जायचं धाडस मला होत नव्हतं. आठ दिवसांनी अमरदीपच माझ्या दारात आला.

"मावशी, जरा घरी येता? आजीचं काहीतरी विचित्रच चाललंय. मी वीस वर्षं पाटी घेऊन तिच्या मागं लागलो, तिनं कधी हात लावला नाही. आता चार महिने चोरून कसला तरी कागद बघून गिरवतेय. आणि काल..."

मी चप्पल घातली.

त्यांच्या दाराशेजारच्या भिंतीवर, पांढऱ्या चुन्यावर, कोळशानं लिहिलेलं होतं. अक्षरं हाताएवढी, वेडीवाकडी, पण एकही काना-वेलांटी चुकलेली नाही. किसन.

"ती म्हणते हे तिचं नाव आहे," अमरदीप हलक्या आवाजात म्हणाला. "मी म्हटलं, आजी, हे तुझं नाव नाही, तर चिडली. म्हणते, पोस्टातल्या बाईंनी बोट ठेवून दाखवलंय. हे काय आहे, मावशी?"

सरुबाई भिंतीला धरून बाहेर आली. हाताची बोटं काळी झालेली. मला बघून तिला एवढा आनंद झाला की पदरही सावरला नाही.

"आलात व्हय? बरं झालं. ह्यो मला येड्यात काढतोय. तुमीच सांगा आता. बरोबर आलंय का न्हाय?"

अमरदीप माझ्या तोंडाकडं बघत उभा होता.

"बरोबर आलंय," मी म्हणाले.